अठ्ठ्याहत्तर नंबरची न धुतलेली जाळी

मंडळाच्या पॉटलकच्या जेवणाला माझ्या सलोनीनं हॉलच्या दारातच आपली छोटी गुलाबी पिशवी उघडून धरली आणि दारात उभ्या असलेल्या शैलाकाकूंना म्हणाली, "चेक इट." तुम्ही सगळे हसलात. मी पण हसले, पण आतून मला रडूच येत होतं, आणि ते का ते तिथं सांगता आलं नाही, एका हातात भाजीचा डबा, एका हातात पोरगी, मागे लाइन. नंतर काकू म्हणाल्या, "अगं, तू त्या फुटबॉलच्या टीमकडे कामाला आहेस ना, मग लिही की आपल्या दिवाळी अंकात. दरवर्षी सगळे प्रोजेक्ट आणि व्हिसाच लिहितात, कंटाळा आला." मी म्हटलं, काकू, माझी दहावी इंग्रजीत राहिली ती राहिलीच, मला काय लिहिता येतं. त्या म्हणाल्या, "बोलतेस तसं लिही, ऱ्हस्व-दीर्घ मी बघते."

म्हणून लिहितेय. पण टीमचं नाव लिहिणार नाही आणि गावाचं पण नाही. इथल्या लोकांना माहिती आहे, ते ठीक आहे, पण छापलेलं कुठं कुठं जातं कोण सांगणार, आणि मी कामाला लागताना एका कागदावर सही केलीय की आतलं बाहेर बोलणार नाही. कागद मला पूर्ण वाचता आला नव्हता. विजयनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं वाचला आणि म्हणाला, "सही कर, पण तोंड बंद ठेव." तर माणसांची नावं बदललीत, नंबर पण बदललाय. अठ्ठ्याहत्तर म्हणू या.

माझं काम लाँड्रीचं. तुम्ही टीव्हीवर बघता ते पॉलिश केल्यासारखे चकचकीत कपडे, ते रोज कोणीतरी धुतं ना, ते आम्ही. प्रत्येक खेळाडूला एक जाळीची पिशवी असते, तिच्यावर त्याचा नंबर. प्रॅक्टिस झाली की तो मोजे, बनियन, चड्डी, सगळं त्या जाळीत टाकतो, तोंड बांधतो आणि टोपलीत फेकतो. आम्ही जाळी तशीच बांधलेली मशीनमध्ये टाकायची, तशीच वाळवायची, तशीच त्याच्या कपाटात ठेवायची. त्यामुळे कोणाचं कोणाला जात नाही. मला नावं लवकर लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. जाळी उचलली की कळतं, हा आज जास्त पळाला, हा आज नुसता उभा होता, ह्याचा गुडघा दुखतोय कारण मलमाचा वास येतोय.

ही नोकरी मला लोरेटामावशीमुळे लागली. मावशी म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते ती काळी बाई, साठीच्या पुढची, तोंडावर मी तिला मिस लोरेटा म्हणते आणि मनात मावशी. विजयचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, ग्रीन कार्डचे कागद अडकलेले, माझं वर्क परमिट तेवढं आलं होतं. तो घरी बसून दिवसभर फोनवर, "येस, आय अ‍ॅम अव्हेलेबल इमिजिएटली." मला त्याच्या त्या आवाजाची भीती वाटायची. खालच्या लाँड्री रूममध्ये मावशीनं मला सलोनीच्या फ्रॉकला बाही लावताना बघितलं आणि म्हणाली, "बेबी, तुला शिलाई येते? माझ्याबरोबर चल." मला आधी संशयच आला. फुकट कोण कोणाला नोकरी देतं? मी विजयला म्हटलं, ही बाई कुठं नेऊन विकणार तर नाही ना? तो म्हणाला, "अगं सुनीता, तिचं वय बघ, यार."

शिलाई कशाला, तर हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. हा अमेरिकन फुटबॉल, ह्यात बॉल हातानं फेकतात, आणि जो फेकतो त्याच्या पुढे पाच दांडगे लोक भिंतीसारखे उभे असतात. ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. त्यांनी बॉलला हात लावायचा नाही, पळायचं नाही, गोल करायचा नाही, फक्त समोरून येणाऱ्याला अडवायचं. आणि त्यातला डाव्या टोकाचा सगळ्यात महागडा, कारण फेकणारा उजव्या हातानं फेकतो तेव्हा त्याची पाठ डाव्या बाजूला होते, तिकडून कोण आलं ते त्याला दिसतच नाही. म्हणजे आपली पाठ राखायला ठेवलेला माणूस. आता समोरचे लोक काय करतात, ह्याच्या जर्सीचं कापड मुठीत धरतात आणि ओढतात. म्हणून लाइनमनची जर्सी अंगाला अशी घट्ट शिवायची की चिमटीत सुद्धा कापड आलं नाही पाहिजे. ती घालायला दोन माणसं लागतात. ही घट्ट शिलाई जे खेळणार त्यांचीच. जे बाकावर बसणार त्यांची जर्सी जशी कंपनीतून येते तशीच ढगळ, त्यांच्यावर कोण दोरा घालवणार.

आमचा डाव्या टोकाचा तो डॅरेल. अठ्ठ्याहत्तर नंबर. दारातून यायचा तर आधी खोलीतला उजेड कमी व्हायचा. त्याचा पगार पेपरात छापून यायचा आणि विजय मला वाचून दाखवायचा आणि मग गप्प बसायचा. पण माणूस साधा. बाकीचे जाळी टोपलीत फेकून जायचे, हा स्वतः दारापर्यंत आणून द्यायचा, दुहेरी गाठ मारलेली. विजयचा फोन-इंटरव्ह्यू असला की मी सलोनीला बरोबर आणायचे, मावशीनं तिच्यासाठी घड्या घालायच्या टेबलाखाली चादर टाकली होती. डॅरेल खाली वाकून विचारायचा, "हाऊ इज द बॉस टुडे?" आणि ही तीन वर्षांची चिमुरडी म्हणायची, "बिझी."

मला त्याचाही संशय यायचा, खोटं का बोलू. एवढा मोठा माणूस आपल्याशी एवढं गोड कशाला बोलतो? आमच्याकडे परका पुरुष दोनदा हसून बोलला की बाया ओढणी सावरतात. मी मावशीला विचारलं तेव्हा ती एवढी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. "बेबी, त्या माणसाला तीन मुली आहेत. त्या त्याच्या आईकडे असतात, लांब. त्याला फक्त तुझ्या पोरीशी बोलायचं असतं, तुझ्याशी नाही."

पण त्या बिल्डिंगमध्ये मीच एकटी संशयी नव्हते. सगळेच. उन्हाळ्यातला सरावाचा आणि निवडीचा कॅम्प सुरू झाला की तिथली हवाच बदलते. नव्वदच्या आसपास पोरं येतात, राहायची त्यातली पन्नास-साठ. कोणी वरच्या मजल्यावर गेलं तर खालचे सगळे जिन्याकडे बघणार. दोघं कुजबुजले तर तिसरा मोजे घालता घालता थांबणार. आणि आमच्यावर नजर रँडीची. रँडी म्हणजे कपडे, बूट, हेल्मेट सगळ्या सामानाचा साहेब, बारीक, लाल चेहऱ्याचा, खिशात कायम कात्री. पूर्वी कधीतरी कोणीतरी खेळाडूची जर्सी चोरून बाहेर विकली होती, वापरलेल्या जर्सीला इथं वेडे लोक वाटेल तेवढे पैसे देतात, तर तेव्हापासून नियम, नंबर असलेली कुठलीही वस्तू बाहेर जाता कामा नये. घरी जाताना दारात आमच्या पर्स उघडायच्या. सलोनीची पिशवी पण उघडायची, तिच्यात दोन बिस्किटं आणि एक बाहुली.

मावशीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "इथं कोणी काही विचारलं तर साबणाबद्दल बोलायचं. कोण जाणार, कोण राहणार, आपल्याला फक्त साबण माहीत."

तर कॅम्प सुरू झाल्यावर एका सकाळी रँडी माझ्या मशीनपाशी आला, हातात दोन जर्सी, मागे नाव नाही. म्हणाला, "डॅरेलची शिवतेस तशी घट्ट. खांदे आणखी मोठे, कंबर बारीक. आणि झाकून ठेव." त्या मापाचा एकच होता, कोडी म्हणून नवीन पोरगा, कॉलेजातून आलेला, गालावर मुरूम, दिवसभर चॉकलेटचं दूध पिणारा. तो तर बाकावरचा. बाकावरच्याला घट्ट जर्सी कशाला? मी सुई ओवता ओवता थांबले. तो खेळणार असेल तर कोणाच्या जागी? उजव्या बाजूचे दोघं तरुण, मधले दोघं घट्ट बसलेले, राहिला कोण?

मला कळलं, डॅरेल. मी मावशीकडे बघितलं. ती म्हणाली, "ह्या नवीन साबणाला फेस कमी आहे ना?"

आता ट्रेड म्हणजे काय, ते मी विजयकडून समजून घेतलं. एका टीमनं आपला माणूस दुसऱ्या टीमला द्यायचा. त्याला विचारायचं नाही. बदल्यात कधी दुसरा माणूस, कधी नुसता हक्क, की पुढच्या वर्षी कॉलेजातून पोरं येतील तेव्हा एक आम्ही आधी निवडणार. म्हणजे अजून कोण ते ठाऊक पण नाही अशा पोराच्या बदल्यात आज उभा असलेला माणूस देऊन टाकायचा. विजय म्हणाला, "महाग झाला की असंच करतात. आमच्याकडे पण तेच. तुझ्याच बाजूला नवीन पोरगा बसवतात, म्हणतात ह्याला जरा शिकव." एवढं बोलून तो उठला आणि भांडी घासायला लागला, आणि तेव्हा मला समजलं की त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणजे नक्की काय झालं होतं. तोवर मला त्यानं सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ती जर्सी मशीनवर घेतली होती आणि डॅरेल आला. जाळी द्यायला. मी घाईनं टॉवेल टाकला वरून, पण एक बाही बाहेर राहिली. त्यानं बाही बघितली. मग माझ्याकडे. मग सलोनीकडे. एरवी वाकायचा, त्या दिवशी वाकला नाही. नुसतं म्हणाला, "घट्ट शिवतेयस?"

मी म्हटलं, "टॉवेल." एवढंच आलं तोंडातून. टॉवेल.

तो जाळी टोपलीत टाकून गेला, बाकीच्यांसारखी, लांबून फेकून.

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. त्याला वाटलं असणार ही पण त्यांच्यातलीच. आणि ते खोटं पण नव्हतं. विजय म्हणाला, "तू काय करणार होतीस? सांगितलं असतंस तर तुझी नोकरी गेली असती, आणि आपल्या घरात आत्ता तीच एक नोकरी आहे." बरोबर होतं. पण बरोबर असलं म्हणून घास उतरतो असं नाही.

मग तो दिवस. त्या दिवशी विजयचा फोन-इंटरव्ह्यू होता म्हणून सलोनी माझ्याबरोबर. सकाळच्या प्रॅक्टिसनंतर डॅरेलला वर बोलावलं. थोड्या वेळानं खाली आला, रँडीनं त्याच्या हातात कचऱ्याची काळी मोठी पिशवी दिली. एवढ्या पगाराचा माणूस, आणि त्याचं सामान कचऱ्याच्या पिशवीत. बूट, दाढीचं सामान, मुलींचे फोटो, सगळं भरलं. बाकीचे सगळे खाली मान घालून बुटाच्या नाड्या बांधत होते, ज्यांच्या बांधलेल्या होत्या ते सोडून परत बांधत होते. बाहेर गाडी उभी होती, तिथूनच विमानतळ. तो गेला आणि दारापाशी त्याची जाळी पडलेली, सकाळच्या घामाची, गाठ पण मारलेली नव्हती.

रँडीनं कपाटावरची त्याच्या नावाची पट्टी ओढून काढली, चर्रर् आवाज आला, आणि मला म्हणाला, "ही जाळी आत्ताच्या आत्ता धुऊन टाक. दुपारी कोडीला हे कपाट द्यायचंय, ह्याचं काही दिसायला नको."

आणि मला ते जमेना.

आता तुम्ही म्हणाल ही काय येडी आहे. सांगते. आमच्या घरात नवस नाहीत, उपास नाहीत, आम्ही बौद्ध, सासऱ्यांना तर कुठं लिंबू-मिरची टांगलेली दिसली की ते तोडून फेकतात. पण माझ्या आईचं एक होतं. घरातनं कोणी गावाला निघालं की तो पोचल्याचा निरोप येईपर्यंत घरात झाडू नाही, आणि त्याचे अंगावरून उतरलेले कपडे पाण्यात घालायचे नाहीत. तो वाटेत आहे तोवर त्याचं इथलं पुसायचं नाही, एवढंच. मी लग्न करून अमेरिकेला निघाले तेव्हा माझा घरातला गाऊन आईनं खुंटीवर तसाच ठेवला होता, विजयनं फोन करून "पोचलो" सांगितल्यावर मग धुतला. मी हे मानते असं पण नाही. पण हात ऐकत नाहीत. डॅरेल अजून विमानात पण बसला नव्हता आणि ह्यांनी त्याची पट्टी काढली, कपाट पुसलं, आता कपडे पण धुवायचे? कोणीतरी थांबायला नको का?

आणि खरं सांगायचं तर त्या बाहीचं पण मनात होतं.

मी विचार केला, तो पोचेल तेव्हा धुऊ, संध्याकाळपर्यंत, कोणाला काय कळतंय. पण टोपलीत ठेवली तर दुसरं कोणी मशीनमध्ये टाकेल. म्हणून मी ती जाळी एका प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि माझ्या कपाटात ठेवली, वर सलोनीचं स्वेटर. मनात काही वाईट असतं तर एवढ्या उघड्यावर ठेवली असती का? पण त्या वेळी मला हे सुचलंच नाही की हे दिसायला कसं दिसेल. नंबर असलेली वस्तू, गेलेल्या खेळाडूची, माझ्या कपाटात, पोरीच्या स्वेटरखाली.

जेवणाच्या सुट्टीनंतर रँडी आला. "अठ्ठ्याहत्तरची जाळी कुठंय?" ट्रेडची बातमी रेडिओवर आली होती आणि बाहेर गेटपाशी लोक जमले होते, डॅरेलचं काही विकत मिळेल का विचारत. त्यामुळे तो आधीच तापलेला. वाळवणाची मशीनं उघडली, टोपल्या उलट्या केल्या. मला बोलायचं होतं पण इंग्रजी सगळं डोक्यातून गेलं, एक शब्द शिल्लक नाही. मावशी बाहेर टॉवेल पोचवायला गेलेली. रँडीनं गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला बोलावलं, तो उंच, कमरेला वॉकीटॉकी, आणि दोघं माझ्याकडे बघायला लागले.

टेबलाखालून सलोनी बाहेर आली. तिला वाटलं हे लपाछपी खेळतायत. म्हणाली, "आय नो! मम्मा हिड इट!" आणि पळत जाऊन माझ्या कपाटाला हात लावला.

मला त्या क्षणी काय काय दिसलं ते सांगू? पोलिसांची गाडी दिसली. विजयचा चेहरा. ग्रीन कार्डच्या कागदांवर मारलेला शिक्का. सलोनी कोणा परक्या बाईच्या कडेवर, कारण मी ऐकलं होतं की इथं आईला धरून नेलं की पोर सरकार नेतं. रँडीनं स्वेटर बाजूला केलं, पिशवी काढली, वास आला आणि त्यानं तोंड फिरवलं.

"कोणाला विकणार होतीस?"

"नो सेल. नो सेल, सर. ही इज... ही इज इन एअरप्लेन."

"तेच तर. तो विमानात आहे म्हणून घेतलीस ना?"

मी म्हटलं मदर, वॉश, नॉट रीच. हातानं विमान करून दाखवलं. सिक्युरिटीवाला वॉकीटॉकीवर काहीतरी बोलला. सलोनीला वाटलं आपण शोधून दिलं म्हणून शाबासकी मिळणार, ती वर बघत उभी, आणि मग कोणीच हसत नाही म्हटल्यावर तिनं माझा कुडता घट्ट धरला.

मग मावशी आली. तोवर आम्हा दोघींना रँडीच्या ऑफिसात बसवलेलं होतं. मावशीनं रँडीचं ऐकलं, मग माझ्याकडे वळली, "बेबी, हळू सांग. इंग्रजी येत नसेल तर हातानं सांग." मी सांगितलं. झाडू, कपडे, माझी आई, खुंटीवरचा गाऊन. जेवढं जमलं तेवढं.

मावशी खुर्चीत मागे टेकली. "रँडी, माझी आई नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात एक रुमाल धुऊ द्यायची नाही. त्या दिवशी धुतलंस तर घरातलं माणूस धुतलं जातं म्हणायची. मी अजून नाही धुवत. तू दर वर्षी एक तारखेला मला विचारतोस ना, आज मशीन का बंद? तेव्हा मी सांगते ना, पाठ दुखतेय?"

रँडीनं विचारलं, "म्हणजे पाठ दुखत नाही?"

"पाठ रोजच दुखते."

त्याला थोडं हसू आलं, पण ते लगेच गेलं. म्हणाला, हे सगळं ठीक आहे, पण चोरी करणारं पण गोष्ट सांगतंच. म्हणाला, "डॅरेललाच विचारतो. त्यानं दिली म्हणाला तर दिली." आणि फोन लावला. फोन बंद, कारण तो हवेत. मग आम्ही बसलो. सिक्युरिटीवाला दाराशी. सलोनी माझ्या मांडीवर बिस्किट खात नव्हती, नुसतं हातात धरून होती. आणि मला एकच दिसत होतं, ती बाही. डॅरेलनं ती बघितली होती. मी टॉवेल म्हटलं ते त्यानं ऐकलं होतं. आता माझी नोकरी, माझं पोर, सगळं त्याच्या एका शब्दावर, आणि त्याला माझ्यासाठी चांगला शब्द काढायचं काही कारणच नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर? काय माहीत.

रँडीनं परत लावला, परत लावला, आणि एकदाचा डॅरेलचा आवाज आला, मागे विमानतळाच्या अनाउन्समेंट. रँडीनं फोन स्पीकरवर टाकला. "लाँड्रीतल्या सुनीताकडे तुझे कपडे सापडले. तू दिले होतेस का?"

अनाउन्समेंट चालू.

मला राहवलंच नाही, मी फोनकडे वाकून म्हटलं, "मिस्टर डॅरेल, यू रीच्ड?"

"काय?"

मावशी म्हणाली, "तू पोचेपर्यंत ती तुझे कपडे धुऊ देत नाहीये, डॅरेल. सकाळपासून लपवून बसलीय. पोचलास का ते सांग आधी."

मग तो म्हणाला, "आत्ताच उतरलो. अजून घ्यायला पण कोणी आलं नाही." आणि पुढे म्हणाला, "जाळी मीच टाकून आलो होतो, रँडी. तिनं काही चोरलं नाही. तिला सांग, आता धुवायला हरकत नाही."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. रँडी फोन ठेवणार इतक्यात त्याचा आवाज परत आला, "आणि रँडी, त्या नवीन पोराची जर्सी पण तिनंच शिवलीय. चांगली घट्ट असेल. तिचं काम चांगलं असतं."

आणि फोन बंद.

हे तो कौतुकानं म्हणाला की टोचून, मला आजपर्यंत कळलेलं नाही. विजय म्हणतो कौतुक. मावशी म्हणते दोन्ही. मी रात्रंदिवस तो आवाज आठवून बघते, पण त्याच्यात हसू होतं की नव्हतं ते लक्षातच येत नाही.

मी जाळी धुतली. दोनदा धुतली. संध्याकाळी कोडी त्या कपाटापाशी आला, उघडायच्या आधी इकडे तिकडे बघितलं, जसं कोणी त्याला पकडणार आहे. दोघांनी ओढून त्याला माझी जर्सी चढवली, कापड चिमटीत येत नव्हतं. बिचारं पोर. त्याला वाटत असेल आता आपलं झालं. त्याच्यासाठी पण कोणीतरी कुठंतरी झाकून शिवेलच एक दिवस. आणि शिवणारी मीच असेन, नाहीतर माझ्या जागी आलेली दुसरी.

कॅम्प संपताना एक दिवस येतो, एकाच दिवशी वीस-बावीस पोरांना घरी पाठवतात. त्या दिवशी दाराशी जाळ्यांचा हा ढीग. मी हात पण लावला नाही, रँडीची वाट बघत उभी राहिले, कारण आता स्वतःच्या डोक्यानं काही करायचं नाही असं ठरवलं होतं. तो आला, ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. पायानं ढीग भिंतीकडे सरकवला आणि म्हणाला, "ह्या उद्या. आज पाण्याचं प्रेशर कमी आहे."

प्रेशर चांगलं होतं. आम्ही दिवसभर टॉवेल धुतले.

तेवढं झालं. पण संध्याकाळी त्याच रँडीनं दारात माझी पर्स उघडायला लावली, आणि अजून रोज लावतो, त्या प्रकारानंतर जरा जास्तच नीट बघतो, डब्याचं झाकण सुद्धा काढतो. बघून झालं की म्हणतो, "यू आर गुड." म्हणजे आज काही सापडलं नाही. सलोनी बरोबर असली की मी सांगायच्या आधी आपली पिशवी उघडून उभी राहते. आणि आता तिला सवयच लागलीय. दाराजवळ कोणी मोठं माणूस उभं असलं की पिशवी पुढे. म्हणून त्या दिवशी हॉलमध्ये काकूंना म्हणाली, चेक इट. तिला वाटतं सगळीकडे असंच असतं. आत यायचं, बाहेर जायचं, तर आधी आपण चोर नाही हे दाखवायचं.

विजयला आता दुसऱ्या गावाहून बोलावणं आलंय, कालच गेला. "पोचलो" म्हणून फोन येईपर्यंत मी झाडू उचलला नाही, त्याला सांगितलं नाही, हसेल.

आज सकाळी आम्ही दोघी कामाला निघालो. मी चपला घालत होते, आणि ही आमच्याच घराच्या आतून, आमच्याच दारात, माझ्यापुढे पिशवी उघडून उभी. उशीर होत होता. तरी मी खाली बसले. एकेक वस्तू बाहेर काढली, बाहुली, बिस्किटं, कुठून तरी आणलेला एक दगड, आणि एकेक परत आत ठेवली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी "यू आर गुड" म्हणायची वाट बघत.

मी म्हटलं, "हे सगळं तुझंच आहे गं."